वहिनीचा मातीचा ओटा

वहिनी,

दहाव्याला आणि तेराव्याला जो आला तो एकच शब्द बोलून गेला. सोशिक. वहिनी फार सोशिक होत्या. आळीतल्या बायका, पहूरहून आलेली तुझ्या माहेरची माणसं, कापसाच्या जिनिंगमधले भाऊचे सोबती, सगळे तेच. मी त्यांना पाणी देत होते, रेशनची साखर पुरवून पुरवून चहा करत होते, आणि मला नवल वाटत होतं की ही माणसं नक्की कोणाबद्दल बोलत आहेत. तुला जे सोसायचं नव्हतं ते तू एक दिवसही सोसलं नाहीस. आवाज केला नाहीस एवढंच. लोकांना आवाज आला नाही म्हणजे बाई सोशिक.

आता सगळे गेले. तुझा मुलगा परवा गेला, लेक सुमन कालच्या गाडीनं धुळ्याला सासरी गेली. घरात भाऊ आणि मी. भाऊ पुढच्या खोलीत पडून आहे आणि मी स्वयंपाकघरात तुझ्या ओट्यापाशी उभी राहून हे लिहिते आहे, कारण टेकून लिहिता येईल अशी घरातली दुसरी जागा मला माहीत नाही. मी शाळेतल्या मुलींना निबंध घालते, त्यात मयताविषयी चांगलं लिहावं असं सांगते. तुझ्याविषयी मला चांगलं लिहायचं नाही. जसं झालं तसं लिहायचं आहे.

नवरा वारल्यावर मी माहेरी परत आले, तेव्हा तू या घरात नवीच होतीस. मायचं सगळं आयुष्य धुळ्याकडच्या खेड्यात गेलेलं, तिची बोली तिकडची. तू पहूरची, तुझी बोली जामनेरकडची. भाऊ कचेरीत बोलतो तसं शहरी मराठी घरातही बोलायचा. पहिलं वर्षभर तर माय आणि तू एकमेकींना शब्द विचारत होतात. मी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झाले, मुलींच्या शाळेत लागले, आणि सकाळी शाळेत जाताना मला ताजी भाकरी मिळू लागली. ती कोण करतं, किती वाजता उठून करतं, याचा मी तेव्हा विचार केला नाही. घरात वहिनी आहे म्हणजे भाकरी आहे, इतकं ते सरळ होतं.

स्वयंपाकघर म्हणजे काय, तर ही बोळासारखी खोली. एका भिंतीशी जमिनीवर चूल, तिच्यासमोर मोरी, मध्ये जातं पुरलेलं, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आणि दाराशी घडवंचीवर पाण्याचे हंडे. तू चुलीपुढे बसलीस की मोरीकडे जाणाऱ्याला तुझ्या पाठीला लुगडं घासून जावं लागे. खोली लहान आहे अशी तक्रार मात्र कोणी केलेली आठवत नाही. बायका जमिनीवर बसत आणि बसलेल्या जागेवरून हात पुरेल तिथवर सगळं मांडून घेत. डावीकडे काठवट, उजवीकडे पिठाचा डबा, मागे तांब्या.

मग त्या दिवाळीआधी आपण गोधड्या धुवायला मेहरूणच्या तलावावर गेलो. ओल्या गोधडीचं ओझं घेऊन तू पायरी चढत होतीस. मी तुझ्या पुढे होते. मागे आवाज आला, वळून बघते तर तू खाली दगडावर, पाय वेडावाकडा, आणि तोंडानं म्हणतेस, "गोधडी पाह्य आधी, पाण्यात जाऊ राह्यली."

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. संक्रांतीनंतर पट्टी सुटली, हाड जुळलं होतं, तू चालू लागलीस. पण गुडघा वाकेना. तेल झालं, शेक झाला, एका पहिलवानानं येऊन ओढून पाहिलं, तेव्हा तू पहिल्यांदा आणि शेवटचं या घरात मोठ्यानं ओरडलीस. गुडघा काठीसारखा सरळ तो सरळच. तुला उभं राहता येत होतं, निजता येत होतं, बाजेच्या कडेला पाय लांब करून टेकता येत होतं. जमिनीवर बसता येत नव्हतं. आणि आपल्या घरात जमिनीवर न बसता करायचं असं एकही काम नव्हतं.

तेवढे महिने मायनं चूल सांभाळली. तिचेही गुडघे धड नव्हते. एकदा जेवणं झाल्यावर तिनं मला सगळ्यांसमोर सांगितलं, "गोदी, तू शाळा सोड. चुल्हापुढे बसता येत नही ती बाई काय कामनी? तू सोडत नही ते मी पिंपळनेरले जास, पोरगी देखी येस."

पिंपळनेरला मायच्या चुलतभावाची एक मुलगी लग्नाची होती. तेव्हा एका बायकोवर दुसरी आणायला ना कायदा आड येत होता ना कोणाची भीड. माय दुष्ट नव्हती. घरात दोन लहान मुलं, एक कारकून, एक मास्तरीण, एक म्हातारी. भाकरी कोणीतरी थापायला हवी होती. तिला दोन उपाय दिसले, ते तिनं सांगितले. भाऊ हात धुवायला उठून गेला. मी शाळा सोडणार नाही असं मला म्हणायचं होतं, पण ते म्हणणं म्हणजे पिंपळनेरची मुलगी आण असं म्हणणं होतं, आणि तू तिथे भिंतीला टेकून उभी होतीस. मी खरकटी ताटं उचलायला लागले.

चार-पाच दिवसांनी सकाळी तू मला म्हणालीस, "गोदाबाई, आज रविवार. मले माती आणून द्या. पांढरी नको, चिकट पाह्यजे."

"कशाला?"

"गुडघा वाकत नाई. मंग चुलीलेच वर घ्यावं लागन."

उभ्यानं स्वयंपाक मी तोवर फक्त हलवायाच्या दुकानात पाहिला होता. मायनं तर तेच ऐकवलं. "उभी राहीसन भाकर? हाई काय हालवाईनं दुकान शे का?" तू म्हणालीस, "हलवाई बी भाकरच खाते, आत्याबाई." तुझी ही असली उत्तरं मला नंतर शाळेत पुष्कळदा उपयोगी पडली.

पहूरला तुम्ही मुली घरच्या चुली घरीच घालायच्या, त्यामुळे माती कशी मळायची, भुसा किती घालायचा, हे तुझ्या हातात होतं. पण तुला खाली वाकता येईना. म्हणून कच्च्या विटांचे खालचे थर मी बसून रचले आणि तू उभ्यानं सांगत गेलीस. ओटा तुझ्या मांडीपर्यंत आला तसं तू मला बाजूला केलंस आणि वरचे थर स्वतः चढवलेस. ते आजही दिसतं, वहिनी. खालचं काम गबाळं आहे, वरचं सुबक. चूल तू ओट्यावर ठेवली नाहीस, ओट्याच्या पोटात बसवलीस, म्हणजे तव्याची कड ओट्याच्या बरोबरीला आली. खाली लाकडं आणि गोवऱ्यांना पोकळी ठेवलीस.

पहिल्या दिवशी सगळं फसलं. तवा तापला, तू उभी राहिलीस, आणि काठवट ठेवायला जागाच नव्हती. चुलीच्या बाजूला वीतभर माती उरली होती, तिच्यावर पिठाचा डबा, तांब्या, मिठाचं पाळं, उलथणं, फडकं. काठवट अर्धी हवेत. दुसऱ्या भाकरीच्या थापेला ती सरकली आणि पिठासकट खाली गेली. काठवटीला उभी चीर पडली. माय वाकून पीठ गोळा करू लागली. त्या दिवशी उरलेल्या भाकरी तिनंच जमिनीवरच्या जुन्या चुलीवर केल्या.

मला वाटलं संपलं. तू संध्याकाळपर्यंत बाजेवर पाय लांब करून बसून होतीस. मी शाळेतून आले तेव्हा म्हणालीस, "बसल्या बाईले सारी जमीन ओटाच असते. उभ्या बाईले तेवढाच, जेवढा बांधला. हे माह्या ध्यानात नाई आलं."

माझ्या मनात आलं की आणखी विटा लागतील. पण ओटा वाढवला असता तर मोरीकडे जायची वाट बंद झाली असती. तू विटा मागितल्याच नाहीस. तू आधी ओट्यावरचं सगळं उचललंस. मीठ-मसाला भिंतीच्या दिवळीत गेला. पळ्या, झारा, उलथणं खिडकीच्या गजांना तारेनं टांगलीस. पिठाचा डबा भिंतीतल्या फळीवर, हात वर केला की मिळेल असा. मग घडवंचीच्या चारी पायांखाली विटा घातल्यास, हंड्यांची तोंडं ओट्याच्या बरोबरीला आली, आणि त्यांच्यावर एक रुंद फळी टाकलीस. पाणी काढायचं तेव्हा फळी सरकवायची, एरवी तिच्यावर भाजी चिरायची. पीठ सांडून पाणी खराब होईल असं माय म्हणाली, तर फळीखाली तू धुतलेलं फडकं घातलंस.

राहिली काठवट. भाऊच्या जिनिंगच्या आवारात एका मोडक्या दाराची फळी पडली होती. तू ती मला आणायला सांगितलीस, भाऊला नाही. सुताराकडून दोन बिजागऱ्या बसवून घेतल्या आणि ओट्याच्या कडेला ती फळी जोडली. उचलली आणि खाली टेकू लावला की काठवटीपुरती पक्की जागा. काम झालं की टेकू काढायचा, फळी लोंबती, मोरीची वाट मोकळी. सुतार म्हणाला, अशी फळी टांग्याला असते. तू म्हणालीस, "मंग टांग्याचीच समजा."

आणि मग तुझा तो नियम, ज्यानं घरातल्या सगळ्यांना छळलं. ओट्यावर हातातल्या कामाशिवाय काही ठेवायचं नाही. वाटी ठेवली की ओरडा नाही, पण वाटी गायब. भाऊनं एकदा दाराशी उभं राहून चहाचा पेला तिथे टेकवला आणि घोट घ्यायला वळला तर पेला मोरीत. लोकांना वाटतं वहिनीनं ओटा बांधला. बांधायला आठवडा लागला. तो मोकळा ठेवायला तुझं उरलेलं आयुष्य गेलं, आणि खरं काम तेच होतं.

मायनं मुदत आखाजीची, म्हणजे सगळे घरी येतात त्या अक्षय्य तृतीयेची दिली होती. "आखाजीले बठ्ठा येतीन. तवय देखू." आखाजीला खापरावरचे मांडे झाले नाहीत तर ते घर कसलं, हे मायचं म्हणणं, आणि आपल्याकडे कोणाचंही तेच असतं. त्यात तिनं पिंपळनेरच्या चुलतभावालाही बोलावलं. कशासाठी, ते कोणी विचारलं नाही.

त्या सकाळी मी पुरण वाटलं. माय दाराच्या चौकटीत बसून राहिली, मदतीला म्हणून नाही, बघायला म्हणून. तू चुलीवर पालथं खापर चढवलंस, टांग्याची फळी उचलून टेकू लावलास, हंड्यांवरच्या फळीवर पुरणाचे गोळे मांडलेस. पहिला मांडा हातावर घेतलास. जमिनीवर बसून करताना बाईचे कोपर गुडघ्यांना अडतात, मांडा एका मर्यादेपलीकडे मोठा होत नाही. तुझ्या कोपरांना अडवायला काही नव्हतं. तू उभ्यानं हात पसरत गेलीस आणि मांडा मनगटांवरून कोपरांकडे सरकत, पातळ होत, खाली झुलायला लागला. तू तो खापरावर टाकलास तेव्हा खापर दिसेनासं झालं. पुरणाचा पिवळा रंग वरून दिसत होता आणि कुठे भोक नव्हतं. माय चौकटीतून उठली आणि जवळ येऊन उभी राहिली.

पंगत बसली. पिंपळनेरचे मामा जेवून हात धुवायला आत आले आणि ओट्यापुढे थबकले. फळी उचलून पाहिली, टेकू काढून पाहिला. तू पदर सावरून बाजूला झालीस. मामा मायला म्हणाले, "हाई कोणी बांधं?"

मी मायकडे बघत होते. ती पाणी ओतत होती, तिनं तांब्या खाली ठेवला.

"मनी सूननी," ती म्हणाली.

मामा संध्याकाळच्या गाडीनं गेले. मुलीचा विषय निघाला नाही. पुन्हा कधीच निघाला नाही.

माझी शाळा राहिली. आज मी तिथे मोठ्या बाई आहे, मुली उठून उभ्या राहतात. तुला एकदा विचारलं होतं मी, ते सगळं माझी नोकरी जाऊ नये म्हणून केलंस का. तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, "तुमची शाळा मले काय करायची? मले भाकर करायची होती." मी तेव्हा दुखावले. आता वाटतं, उपकाराचं ओझं माझ्या डोक्यावर राहू नये म्हणून तू तसं म्हणाली असशील. किंवा खरंच तसं असेल. तुझं काही सांगता यायचं नाही.

लढाईच्या दिवसांत मायचे गुडघे पार गेले. एका दुपारी मी शाळेतून लवकर आले तर ती ओट्यापाशी उभी, पदर खोचलेला, भाकरी थापते आहे, आणि तू बाजेवर आडवी, तुला ताप. मला बघून ती चोरी पकडल्यासारखी चपापली. मग म्हणाली, "काय देखस? उभं राहीसन बरं पडस." पुढे मरेपर्यंत ती आणि तू त्या ओट्यावर वेळा वाटून घेत होतात आणि कोणाची फळी कोणी पुसली नाही यावरून भांडत होतात.

आपलं भांडण मात्र एकच होतं आणि ते कधी मिटलं नाही. भाऊ. मी म्हणायचे, त्या दिवशी मायनं पिंपळनेरचं नाव काढलं तेव्हा नवरा म्हणून त्यानं बोलायला हवं होतं. तो हात धुवायला उठला. तू म्हणायचीस, "त्यायले बोलता येत नाई. वेळ आली असती तं नाई म्हणले असते." मी म्हणायचे, वेळ आलीच होती. तू म्हणायचीस, "नाई म्हणले असते, गोदाबाई. मले माहीत हाये." दर आखाजीला, मांडे करताना, हेच. मी पुरावे द्यायचे, मास्तरणीची सवय. तू एक पाऊल हलली नाहीस. शेवटी शेवटी मला शंका यायला लागली की नवऱ्याला बायको जास्त ओळखत असेल, आपण विधवा बाई, आपल्याला काय कळणार.

काल दुपारी सुमनला गाडीत बसवून भाऊ परत आला आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन जमिनीवर बसला. तो इथे कधी बसत नाही. मी त्याला कळण्याची भाकरी आणि पिठलं वाढलं. तो खात नव्हता. मी इतकी वर्षं तुला विचारत होते ते त्याला विचारलं.

"भाऊ, मायनं आणली असती तर तू पिंपळनेरची मुलगी केली असतीस?"

त्यानं ताटाकडेच बघत म्हटलं, "तिनं पण विचारलं होतं."

"कोणी? वहिनीनं?"

"माय जेवणानंतर बोलली ना, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. मी आंघोळ करत होतो, ती पंचा द्यायला आली. म्हणाली, तुमच्या मनात काय आहे तेवढं सांगा, मी रडणार नाही."

"मग?"

"मी म्हटलं, माय म्हणेल तसं."

मला तव्यावरची भाकरी उलटायची होती, ती मी उलटली.

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. बरं म्हणाली. पंचा दिला. मग त्या रविवारी तुम्ही माती आणली."

वहिनी, म्हणजे तुला माहीत होतं. माती मागायच्या आधीपासून माहीत होतं. ज्या माणसाच्या तोंडून तू ते ऐकलं होतंस, त्याच्याच बाजूनं तू माझ्याशी दर आखाजीला भांडलीस, मांडा हातावर झुलत असताना, माझ्या डोळ्यांत बघत, आणि तुझा मांडा एकदाही फाटला नाही. माझ्या नजरेत माझा भाऊ उतरू नये म्हणून? की तुझ्या स्वतःच्या? हे मला विचारायचं आहे, आणि तुला न विचारता मला ते ठरवायचं नाही.

भाऊवर मी रागवायला हवं होतं. तो म्हातारा दिसत होता. तो म्हणाला, "तिनं त्यानंतर कधी विषय काढला नाही. तुझ्याजवळ काढला होता का?"

मी ओट्याकडे तोंड करून उभी होते, म्हणून मला खरं बोलणं सोपं गेलं.

"काढायची. ती म्हणायची, वेळ आली असती तर तू नाही म्हणाला असतास."

"असं म्हणायची?"

"कायम म्हणायची."

भाऊ उठला. ताट उचलून आत आला आणि इकडे तिकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्यानं कधी ताट उचललं नव्हतं, ते कुठे ठेवायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याचे डोळे भरले होते आणि दोन्ही हातांत ताट होतं, त्यामुळे त्याला ते पुसताही येईनात.

मी ओट्यावरची काठवट बाजूला घेतली आणि त्याला जागा करून दिली.